पिळ्याचा जोड आता पुरे

उमरखेडहून रात्री नागपूर-तुळजापूर रस्त्याला लागणाऱ्या गाड्यांना जादा हॅलोजन बसवून देणे, हा आपल्या कारागीर बांधवांचा धंदा. १२ व्होल्टवर ५५ वॉटचे दोन दिवे ९ अँपिअरहून जादा करंट ओढतात. तार पिळून टेप गुंडाळली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस ते मान्य नाही. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, हादऱ्यांनी पीळ ढिला होतो, ढिला जोड तापून वेष्टन जळते. फ्यूज उडेल म्हणावे, तर करंट वाढलेलाच नसतो!

थिंबल योग्य मापाचा घ्यावा, पकडीने दाबावा, तार ओढून पाहावी. रिले द्यावा, फ्यूज बॅटरीजवळ ठेवावा. याचे पैसे बिलात उघड लावावेत. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.