भाडं खाणाऱ्यांनो, सावकाश!

'घरमालक' हा शब्द मी आयुष्याची पहिली साठ वर्षं शिवी म्हणूनच वापरला. लालबागच्या आमच्या चाळीत तशी रीतच होती. नळाला पाणी नाही आलं, जिन्याची पायरी तुटली, पावसात गॅलरी गळली, की चाळीतली झाडून सारी मंडळी एकमुखाने मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. आमचे वडील महिन्याला तेरा रुपये भाडं देत, आणि तेवढ्या रकमेत मालकाने इमारतीची निगा ताजमहालासारखी राखावी अशी त्यांची अगदी माफक अपेक्षा असे.

तेरा रुपयांना कारण होतं. मुंबईच्या १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून ठेवली होती. रॉकेल वाढलं, तांदूळ वाढले, आम्ही भावंडं वाढलो. भाडं मात्र तिथेच. शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने 'हे आता अन्यायाचं झालं' असं म्हटलं, त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. वडिलांना ती तेरा रुपयांवर बावन्न पैशांची वाढ अतोनात झोंबली.

असल्या घराण्यातला मी २०१३ साली निवृत्त झालो आणि सल्ल्यांना बळी पडलो.

निवृत्त माणसाच्या हाती प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले आहेत, हा वास वडाळ्याहून थेट फाइव्ह गार्डन्सपर्यंत पोचतो. तिथे सकाळी फिरणाऱ्या मंडळींत एक मंत्र चालतो : "घर घ्या आणि भाडं खा." भाडं 'मिळवा' नाही, 'खा'! जणू दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते ताटात वाढूनच येतं. वडिलांच्या पागडीच्या खोलीतला मालकाचा वाटा त्याला देऊन उरलेले आणि फंडाचे, असे मिळून पासष्ट लाख मी अँटॉप हिलच्या एका वन-रूम-किचनमध्ये घातले. दलालाने मला खिडकीशी नेलं आणि मोनोरेलचे खांब दाखवले. "काका, गाडी सुरू झाली की भाडं दुप्पट!" मी त्या खांबांकडे पंढरीच्या कळसाकडे बघावं तसं बघितलं.

नवख्या मालकांनो, पहिला धडा इथेच घ्या. गाडी २०१४ च्या फेब्रुवारीत वडाळा ते चेंबूर धावू लागली, २०१९ मध्ये जेकब सर्कलला पोचली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तिला दुरुस्तीसाठी बंदच करावी लागली. या साऱ्या वर्षांत घर बघायला आलेल्या एकाही माणसाने मला मोनोरेलबद्दल विचारलं नाही. सगळे दोनच गोष्टी विचारीत : "जीटीबी नगर स्टेशन चालत किती मिनिटं?" आणि "पाणी किती वाजता येतं?" भाड्याचं घर घेताना आपल्याला खिडकीतून काय दिसतं ते बघू नका, भाडेकरू सकाळी आठ वाजता डबा घेऊन निघाला तर तो कुठे पोचेल ते बघा. एकदा भर पावसात जाऊन गच्ची, टाकी आणि गटार बघा. सोसायटीचा जमाखर्च मागून घ्या. आपण विकत घेतो ती खोली, पण निस्तरतो ती अख्खी इमारत.

दुसरा धडा गणिताचा. भाडं ठरलं अठरा हजार. फाइव्ह गार्डन्सच्या गणिताने वर्षाचे दोन लाख सोळा हजार. आता माझं गणित ऐका. सोसायटीचे महिन्याला तीन हजार, म्हणजे छत्तीस हजार गेले. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर महिनाभर रिकामं : अठरा हजार. दलालाचं एक महिन्याचं भाडं : आणखी अठरा. रंग, नळ, आणि दर वर्षी नव्याने बिघडायचा नेम केलेला गीझर : चौदा हजार. उरले एक लाख तीस हजार. पासष्ट लाखांवर हे बरोबर दोन टक्के होतात. त्या वर्षी बँक मुदतठेवीवर नऊ टक्क्यांच्या आसपास देत होती आणि बँकेला गीझर नव्हता.

"अहो, पण जागेची किंमत वाढते ना!" फाइव्ह गार्डन्सची मंडळी ओरडतात. वाढते, मला कबूल आहे. पण ती किंमत खायची तर घर विकावं लागतं, आणि विकलं की भाडं संपतं. भाडं म्हणजे दूध आणि किंमत म्हणजे गाय. दुधाचा हिशेब मागितला की गाईचं वजन सांगणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. दोन टक्के देणाऱ्या घरासाठी त्याच्या चौपट व्याजाचं कर्ज काढणाऱ्याशी तर मुळीच घालू नये. त्याला घरी नेऊन चहा पाजावा. आणि हो, भाडेकरूचं डिपॉझिट म्हणजे आपली मिळकत नव्हे. ते बँकेत वेगळं ठेवा. मी त्यातून फ्रिज घेतला होता. भाडेकरू जायला निघाला तेव्हा फ्रिज परत घ्यायला दुकानदार तयार होईना.

तिसरा धडा कागदाचा. आपल्याकडे 'अकरा महिने' या आकड्याला सत्यनारायणाच्या सव्वा शेरासारखं पावित्र्य आहे. बारा महिन्यांपेक्षा कमी मुदत ठेवली की रजिस्टर करायची कटकट नाही, हे त्याचं जुनं मूळ. त्यात १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे 'लीव्ह अँड लायसन्स'वाले जागेत होते ते भाडेकरू म्हणून कायम झाले. तेव्हापासून मालकांच्या पोटात जो गोळा आला तो अजून उतरलेला नाही. पण १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा, तो लेखी हवा, रजिस्टर हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला, तर भांडणात अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट, रीतसर करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर तो राहील तितके दिवस दुप्पट रक्कम मागता येते. कायदा इतका मालकाच्या बाजूचा असताना आमचा एक स्नेही हजार रुपये नोंदणी वाचवायला पासष्ट लाखांचं घर तोंडी बोलीवर देतो, आणि मग रात्रभर छताकडे बघत जागा राहतो.

हे तिन्ही धडे कुणीही शिकवील. चौथा मला कुणी शिकवला नाही, आणि तोच सगळ्यांत महाग पडला.

२०१६ साली घर रिकामं झालं. आठवड्याच्या आत एक जोडपं आलं. मुलगा एका इस्पितळात तंत्रज्ञ, मुलगी शाळेत शिकवणारी. पगाराचे कागद, डिपॉझिट, सगळं तयार. चप्पल बाहेर काढून आत आली, भिंतीला हात लावून ओल तपासली. म्हणजे हुशार होती. नाव सांगितलं, ते मुसलमान होतं. सोसायटीचे सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं घर आहे, तुम्ही बघा. पण आपली माणसं बघितलीत तर बरं." त्यांनी एक यादीच सांगितली : बॅचलर नको, मासळी तळणारे नकोत, आणि 'तसले' नकोत. मासळी तळणारे नकोत, हे कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर!

मी काय करावं? ज्याच्या बापाने तेरा रुपयांच्या जोरावर पन्नास वर्षं मालकाला तोंडावर सुनावलं, त्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "कळवतो हं." मुलगा हसला. ते हसू मला अजून दिसतं. असं 'कळवतो' त्याने पुष्कळदा ऐकलेलं होतं.

त्याच महिन्यात आमचे चिरंजीव घाटकोपरला भाड्याची जागा बघायला गेले. दुसऱ्याच वाक्याला विचारणा झाली, "मासे खाता का?" खातो म्हटल्यावर तिथल्या मालकांनीही 'कळवतो' म्हटलं. घरी येऊन तो तावातावाने बोलत होता : मुंबई कुणाची, माणसाने काय खावं हे सांगणारे हे कोण. मी मान हलवीत होतो. आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अँटॉप हिलच्या मुलाला कळवलंत का?"

'आपली माणसं' शोधण्यात सात महिने गेले. सात गुणिले अठरा हजार, एक लाख सव्वीस हजार. म्हणजे त्या घराची जवळजवळ वर्षभराची निव्वळ कमाई मी सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरची आठी जपण्यात घातली. शेवटी लाज गिळून त्या मुलाला फोन केला. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, आम्हाला मुंब्र्याला जागा मिळाली. लांब पडते, पण मिळाली."

पैशाचं नुकसान मी नवख्यांच्या उपयोगासाठी सांगतो, कारण गुंतवणूकदार पैशाचीच भाषा ऐकतो. पूर्वग्रहाइतका महाग भाडेकरू दुसरा नाही : तो भाडं देत नाही, जागा सोडत नाही आणि त्याच्यावर कोर्टात जाता येत नाही. पण खरं नुकसान पैशाचं नव्हतंच. मुंबईत ज्याच्या हातात जादा किल्ली आहे, तो दुसऱ्याच्या रोजच्या दोन तासांचा मालक असतो. त्या मुलाचे ते तास मी मुंब्र्याच्या लोकलमध्ये घातले. माणसाचा पगार बघा, आधीच्या मालकाला विचारा, पोलिसांकडे माहिती द्या, करार रजिस्टर करा. एवढं झाल्यावर त्याच्या कढईत काय तळलं जातं याची चौकशी करू नका. ते जमणार नसेल तर पैसे मुदतठेवीत टाका. ठेवीला आडनाव नसतं.

आता तिथे एक नर्सबाई आपल्या आईबरोबर राहतात. त्यांचं नाव, गाव, धर्म मी तुम्हाला सांगणार नाही. परवा त्यांचा फोन आला : मोरीतून खालच्या मजल्यावर ओल उतरायला लागलीय, वेळीच बघून घ्या. बोलणं संपवताना म्हणाल्या, "बरं, ठेवते मालक."

मी चटकन मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.