हक्क राज्यांचे की माणसांचे?

केशोरीच्या विहारात एका तरुणाने आम्हाला विचारले, 'वकीलसाहेब, केंद्र बळकट असावे की राज्य?' प्रश्न दिल्ली-मुंबईचा वाटतो. पण त्याचे उत्तर केशोरीच्या पोलीस ठाण्यातच शोधावे लागते.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. १७९८ साली जेफरसन आणि मॅडिसन यांनी केंद्राच्या दडपशाहीच्या कायद्यांविरुद्ध राज्यांचा हक्क पुढे केला. १८३२ साली साउथ कॅरोलिनाने तर केंद्राचा जकात कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. मात्र १८५० साली पळालेले गुलाम पकडून देण्याचा केंद्राचा कायदा झाला, तेव्हा याच दक्षिणेतील गुलाममालकांना केंद्र प्यारे झाले! त्यांची निष्ठा ना राज्यावर होती, ना केंद्रावर. ती गुलामगिरीवर होती. पुढे १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने समान संरक्षण दिले. तरीही १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना पोहोचवायला केंद्राचे सैन्य धाडावे लागले.

बाबासाहेबांना हा इतिहास ठाऊक होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी अमेरिकेतील दुहेरी नागरिकत्व आणि भारतातील एकच नागरिकत्व यांतला फरक समजावून सांगितला. कलम १७ ने अस्पृश्यता गाडली आणि कलम ३५ ने तिच्यासाठी शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला, राज्यांना नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाही संसदेचाच.

पण पोलीस राज्याचे. पाणी मुरते ते इथेच. २९ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, खैरलांजीत एकाच बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली आरोपी दोषी ठरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. २०१० साली उच्च न्यायालयातही लागला नाही. कायदा दिल्लीचा, तपास मात्र गल्लीतला!

दिल्लीही आपोआप आपली होत नाही. मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा बोथट झाला. २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला, त्यानंतरच त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती केली.

म्हणून आमचे उत्तर सरळ आहे: ज्याच्या हाती आपल्या माणसाचे संरक्षण, त्याला जाब विचारा. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. ती झाली का? माहितीच्या अधिकारात इतिवृत्त मागा. केशोरीच्या तरुणांनो, पहिला अर्ज तुम्हीच लिहा. जयभीम!