अर्काकडून धान्याकडे

ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत घरच्या घरी बिअर तयार करणे हा कायदेशीर आणि चांगला रुजलेला छंद आहे. या छंदात पडलेला माणूस बहुधा डब्यापासून सुरुवात करतो आणि चिकाटी असेल तर यथावकाश धान्यापाशी येऊन पोचतो. तयार अर्काच्या डब्याला तिथे ‘किट’ म्हणतात, आणि थेट धान्यापासून बिअर करण्याला ‘ऑल-ग्रेन’. ही वाटचाल तिथल्या मंडळींच्या बोलण्यात पुष्कळदा एखाद्या दीक्षेसारखी येते : डबा म्हणजे पोरखेळ, धान्य म्हणजे खरे काम. माझा आक्षेप या क्रमाला नाही, त्यासाठी दिल्या जाणाऱ्या कारणाला आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावासा वाटतो, कारण ‘मूळ’ आणि ‘तयार’ यांच्यातला हाच वाद आपल्या वर्गांतही चालतो, आणि बहुतेक वेळा तितक्याच भलत्या मुद्द्यावर.

आधी दोन्ही पद्धती समजून घेऊ. किटच्या डब्यात साधारण दीड ते पावणेदोन किलो दाट, काळपट पाक असतो. कारखान्यात माल्टपासून गोड रस काढून, त्याला हॉप्सचा कडवटपणा देऊन, कमी दाबाखाली त्यातले पाणी उडवून तो आटवलेला असतो. घरी करायचे ते एवढेच : पाक गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, पाणी ओतून २३ लिटर करायचे, झाकणाखाली ठेवलेली यीस्टची पुडी वर भुरभुरायची आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास आठवडा-दोन आठवडे आंबू द्यायचे. हाताला लागणारे काम तासाभराचे. स्वच्छता पाळली तर बिअर होते, आणि बरी होते.

धान्याच्या पद्धतीत तेवढ्याच बिअरसाठी ४ ते ५ किलो माल्ट लागते. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून, मंद भाजलेले सातू. आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करतात, त्यामागचे तत्त्व हेच. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, कारण मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवू लागतात. ब्रूअर माल्टची जाडसर भरड करतो, किलोमागे अडीच-तीन लिटर गरम पाणी घालून ती ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवतो. या भिजवणीला ‘मॅश’ म्हणतात. मग चोथ्याच्याच थरातून रस गाळतो, वरून गरम पाणी सोडून उरलेली साखर धुऊन घेतो. तो रस तास-दीड तास उकळतो. कडवटपणासाठी हॉप्स उकळीच्या आरंभी आणि सुगंधासाठी शेवटी घालतो. नंतर झपाट्याने थंड करतो, आणि तेव्हा कुठे यीस्टची पाळी येते. यात पाच-सहा तास जातात.

म्हणजे किटवाला जिथे सुरुवात करतो, तिथे धान्यवाल्याचे निम्म्याहून अधिक काम संपलेले असते. या अधिकच्या कामातून मिळते काय? नेहमीचे उत्तर असते : शुद्धता, अस्सलपणा. ते तपासून पाहिले की टिकत नाही. धान्यवाला सातू पेरत नाही, मोडही स्वतः आणत नाही. माल्ट दुकानातून आणतो. यीस्ट प्रयोगशाळेतून येते. एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली सिद्ध केली, आणि आजची पुडी त्याच परंपरेतली आहे. शुद्धतेचा दाखला म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्या बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक आहेत. ज्याच्यावाचून बिअर होतच नाही त्या यीस्टचे त्यात नावही नाही, कारण त्याचे कार्य तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. शुद्धतेची रेघ जिथे ओढावी तिच्या अलीकडे कोणाचे तरी काम आधीच झालेले आढळते. ‘सर्वस्वी माझे’ असे काही या उद्योगात नाही.

डब्याची हेटाळणी करणाऱ्यांना त्याचा इतिहासही आठवत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. तेव्हा माल्टचा पाक डब्यांतून उघडपणे विकला जाई; नाव पाव-बिस्किटांचे, आणि त्याचे खरोखर काय होते हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असे. दारूबंदी उठल्यावरही घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्यात जागा मिळायला १९७८ साल उजाडले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी संबंधित विधेयकावर सही केली. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागे; ती अट १९६३ मध्ये गेली. अशा काळात धान्य, उपकरणे आणि माहिती यांपैकी काहीच सहज मिळत नसताना डब्याने ही विद्या जिवंत ठेवली. तेव्हा डब्याकडे केवळ आळसाचे अपत्य म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

मग धान्याकडे जावे कशासाठी? माझे उत्तर असे की, तिथे कारण आणि कार्य यांचा संबंध डोळ्यांना दिसू लागतो. मॅशमध्ये मुख्यतः दोन विकरे काम करतात. त्यांपैकी एक ६० ते ६५ अंशांच्या पट्ट्यात जोमात असते आणि यीस्टला पचेल अशी साखर भरपूर तयार करते. दुसरे ७० अंशांच्या आसपास अधिक चालते आणि यीस्टला न पचणारे मोठे तुकडे मागे ठेवते. म्हणून ६४ अंशांवर मॅश केलेली बिअर कोरडी आणि हलकी लागते, ६९ अंशांवर केलेली भरीव लागते. माल्ट तेच, हॉप्स तेच. फरक फक्त पाच अंशांचा. पिष्ट शिल्लक आहे का हे पाहायला आयोडीनचा एक थेंब पुरतो : निळाकाळा रंग आला तर काम अपुरे आहे. हायड्रोमीटरने आंबण्यापूर्वी १.०५० आणि नंतर १.०१० अशी घनता दाखवली, तर मद्यार्काचे प्रमाण सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे हे साध्या गणिताने कळते. पाण्याचेही तसेच. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या जिप्समयुक्त पाण्याने तिथल्या पेल एलला ठसठशीत कडवटपणा दिला, तर पिल्सनच्या मृदू पाण्याने तिथल्या लागरला सौम्यता दिली. डब्याची बिअर पातळ झाली तर दोष साखरेचा, यीस्टचा की पाकाचा हे काही प्रमाणात अजमावता येते. पण पाकाच्या आत काय घडले होते ते कायमचे बंद असते. धान्याच्या बिअरमधला दोष मागे मागे नेत त्याच्या उगमापर्यंत पोचता येते. तिथे चूक वाचता येते.

‘वाचता येते’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरतो आहे. या दोन पद्धतींचे गद्यही वेगवेगळे आहे. डब्यासोबतच्या पत्रकात निव्वळ आज्ञार्थ असतो : ओता, ढवळा, झाका. धान्याच्या पुस्तकांत आज्ञार्थाच्या जोडीला संकेतार्थ येतो : तापमान वाढले तर असे होईल, पाणी कठीण असेल तर तसे करा. ब्रिटनमध्ये डेव्ह लाइन यांचे ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ १९७४ साली आले. अमेरिकेत चार्ली पपाझियन यांचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ १९८४ साली. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्या हातांना धीर दिला, तशीच कामगिरी या पुस्तकांनी तिकडे केली. आपण अशा गद्याला वाङ्मयात जागा देत नाही. परंतु ‘जर-तर’ची रचना वाचकाला विचार करायला लावते, तर नुसता आज्ञार्थ त्याच्याकडून केवळ पालन मागतो, हा फरक शैलीशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगा आहे. शिवाय बिअरच्या पाककृतीचे वाङ्मयाशी नाते जुने आहे. निन्कासी या सुमेरियन देवतेचे, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकाच्या सुमारास मातीच्या पाट्यांवर कोरलेले स्तोत्र मिगेल सिव्हिल या अभ्यासकाने १९६४ साली अनुवादित केले. त्यात धान्य भिजवण्यापासून गाळण्यापर्यंतच्या क्रिया येतात. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूइंग कंपनीने त्या स्तोत्राच्या आधारे बिअर करूनही पाहिली.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. साहित्याच्या विद्यार्थ्याचे गाईड म्हणजे किटच होय. कोणी तरी संहिता वाचून, तिच्यातून आशय काढून, आटवून, डब्यात भरून ठेवलेला असतो. परीक्षेच्या पाण्यात विरघळवला की उत्तर तयार. ‘कोसला’चे (१९६३) उदाहरण घ्या. गाईडमध्ये ‘परात्मता’ हा पाक तयार मिळतो, आणि तो खोटा नाही. परंतु ती परात्मता पांडुरंग सांगवीकराच्या वाक्यांत कशी तयार होते, त्याच्या निवेदनात पुन्हा पुन्हा येणारा ‘वगैरे’ हा शब्द गंभीर विधानाचा गंभीरपणा कसा काढून घेतो, हे त्या पाकात उरत नाही. विद्यार्थ्याला निष्कर्ष मिळतो. तो निष्कर्ष कोणत्या तापमानाला, किती वेळात तयार झाला, हे मिळत नाही. म्हणून दुसरे कोणी वेगळे मत मांडले की त्याच्यापाशी उत्तर नसते. तो फक्त डबा बदलू शकतो.

इथवर बहुतेक शिक्षक मान डोलावतील. पण शुद्धतेचा युक्तिवाद जसा बिअरमध्ये फसतो, तसाच तो इथेही फसतो. ‘आम्ही मूळ संहिता वाचतो’ या अभिमानातही कोणाचे तरी काम गृहीत असते. तुकारामांची गाथा आपण ‘मूळ’ म्हणून हातात घेतो. पण १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीसाठी संपादकांनी वेगवेगळ्या पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ निवडले. ते माल्ट करणाऱ्याचे काम आहे. तेव्हा संहिता वाचणारा श्रेष्ठ आणि गाईड वाचणारा भ्रष्ट, अशी वर्णव्यवस्था उभारण्यात अर्थ नाही. प्रश्न इतकाच की, आपल्या मताची जबाबदारी आपण किती पायऱ्या मागे जाऊन घेऊ शकतो.

याबाबतीत बिअरच्या पुस्तकांची मांडणी आपल्या अभ्यासक्रमांहून शहाणी वाटते. जॉन पामर यांच्या ‘हाऊ टू ब्रू’ या पुस्तकात आधी पूर्ण अर्काची बिअर आहे, मग अर्कात थोडे खास धान्य भिजवून केलेली, आणि त्यानंतर संपूर्ण धान्याची. मधली पायरी महत्त्वाची आहे. तिथे बहुतेक साखर डब्यातूनच येते, पण भाजक्या धान्याचा वास आणि रंग शिकणारा स्वतः काढतो. एकदम सगळे अंगावर पडत नाही, आणि काहीच स्वतःचे नाही असेही होत नाही. आपण मात्र विद्यार्थ्याला एक तर गाईडच्या हवाली करतो, नाही तर ‘मूळ वाचा’ असे बजावून मोकळे होतो. त्याऐवजी गाईडमधले एक विधान आणि कादंबरीतली दोन पाने शेजारी ठेवून, या पानांत त्या विधानाचा पुरावा दाखवा, किंवा ते इथे लागू पडत नाही हे दाखवा, असे सांगितले तर? ही आयोडीनची चाचणी आहे. कच्चे पिष्ट कुठे उरले आहे ते विद्यार्थ्याला स्वतःच दिसेल.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पाच-सहा तास आणि मोठी भांडी प्रत्येकाजवळ नसतात. नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ चारशे पानांना वेळ नसतो. हे खरे आहे. पण साधने स्वस्त करण्याचे मार्ग शोधले की सापडतात. ऑस्ट्रेलियातल्या हौशी ब्रूअरांनी २००० नंतरच्या दशकात एकाच भांड्यात, कापडी पिशवीत भरड ठेवून मॅश करण्याची पद्धत रूढ केली. वेगळे गाळपात्र लागेनासे झाले. मॅशमधला विचार तेवढाच राहिला, भांडी कमी झाली. अध्यापनातही अशाच पिशवीची गरज आहे : संहिता कमी असो, पण जी आहे ती कच्ची, न आटवलेली असावी.

महाराष्ट्रात परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हा लेख वाचून कोणी पातेले चढवावे असे मी सुचवत नाही. सुचवायचे आहे ते एवढेच. १८३३ साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी माल्टमधून पहिले विकर वेगळे काढले आणि त्याला ‘डायास्टेज’ म्हटले. विकरांच्या नावांचा आजचा ‘-एज’ हा प्रत्यय त्या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वेगळे करणे’ असा आहे. माल्टमध्ये जे काम दाणा स्वतः करतो, ते समीक्षेत वाचकाला करावे लागते. त्या कामाची सवय लावून घेणे हेच अर्काकडून धान्याकडे जाण्याचे खरे कारण आहे. शुद्धतेचा अभिमान त्यासाठी लागत नाही.