खेळावर नाव कोणाचे?

आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत संगणकावर एक छोटा खेळ तयार केला. विहिरीवरून घागर भरून घरी आणायची, वाटेत म्हशी आडव्या येतात, पाणी सांडू द्यायचे नाही, एवढाच खेळ. पण एकदा सुरू केला की सोडवत नाही. आता तो इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवायचा आहे आणि घरात वाद पडला आहे: नाव कोणते घालायचे? आजोबा म्हणतात, "चोरी थोडीच केली आहे? आडनावासकट पूर्ण नाव लिही." मुलाला टोपणनाव हवे आहे. काही विश्वस्तांना वाटते, खाली शाळेचेही नाव झळकावे. सगळ्यांच्या भावना चांगल्याच आहेत, तरी आमचे मत मुलाच्या बाजूने आहे.

टोपणनाव म्हणजे लपवाछपवी, हा समज आपल्या मराठी माणसांनी तरी बाळगू नये. विष्णू वामन शिरवाडकर यांनी धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले आणि आज त्यांचा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. आपल्या देवासला १९४८ पासून अखेरपर्यंत राहिलेले कुमार गंधर्व मूळचे शिवपुत्र कोमकळीमठ. लहानपणी मिळालेली पदवीच त्यांचे नाव झाली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा केवढी खळबळ माजली! 'विभावरी शिरूरकर' या नावाच्या आडोशामुळेच बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, स्त्रियांचे दुःख मोकळेपणी लिहू शकल्या. पुढे खरे नाव सर्वांना कळले आणि त्यांचा मान वाढलाच.

खेळांच्या जगातही दोन्ही वाटा दिसतात. पूर्वी अमेरिकेतील अटारी कंपनी खेळ करणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी १९८० च्या 'ॲडव्हेंचर' या खेळात एका गुप्त खोलीत आपले नाव दडवून ठेवले. आपल्या कामावर आपले नाव असावे ही ओढ खरीच आहे. उलट एरिक बॅरोन यांनी एकट्याने तयार केलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ साली 'कन्सर्न्ड एप' या नावाने काढला आणि तो जगभर गाजला. व्हिएतनामचे डाँग न्युएन यांचे खरे नाव मात्र 'फ्लॅपी बर्ड'बरोबर सर्वतोमुखी झाले. लोक इतके मागे लागले, की आपले साधे आयुष्य बिघडले असे सांगून त्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये तो खेळच मागे घेतला. ते तर मोठे होते. आपली मुले चौदा-पंधरा वर्षांची आहेत.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गूगल प्ले वर खाते उघडण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणून खाते वडिलांच्या किंवा आईच्या नावाने निघते. वैयक्तिक खाते असेल तर त्यांचे कायदेशीर नाव सर्वांना दिसते आणि खेळातून पैसे घ्यायचे ठरवले तर घरचा पत्ताही दिसतो. मुलाचे टोपणनाव ठेवूनही घर उघडे पडते ते असे. त्यामानाने इच डॉट आयओसारख्या ठिकाणी निवडलेल्या नावानेच खेळ मांडता येतो.

"मग हक्क जाईल का?" अशी भीती काहींना वाटते. तसे नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामलाही संरक्षण आहे. टोपणनावाने काढलेल्या कृतीवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. त्या काळात खरे नाव उघड केले तर तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. म्हणजे आज टोपणनाव आणि उद्या खरे नाव, ही वाट खुली आहे. मात्र एकदा जगापुढे गेलेले खरे नाव परत घेता येत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. अठरा वर्षांपर्यंत टोपणनावच असावे आणि त्यात जन्मवर्ष, गाव किंवा शाळा येऊ नये. टोंकखुर्दमध्ये आडनाव आणि शाळा एवढे सांगितले, की कोणीही थेट दारापर्यंत पोहोचतो. विश्वस्तांनी शाळेच्या नावाचा आग्रह सोडावा. त्याऐवजी कार्यालयात एक नोंदवही ठेवून खेळ, टोपणनाव, खरे नाव व तारीख मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून ठेवावी. पुढे कोणी हक्क सांगू लागला तर हा पुरावा उपयोगी पडेल. आणि मुलांनो, टोपणनावाआडून दुसऱ्याची टवाळी केलीत किंवा दुसऱ्याचे चित्र-संगीत उचललेत, तर त्या नावाला काहीच किंमत राहणार नाही.

आजोबांचा अभिमान आम्हाला कळतो. मोठा झाल्यावर नातू खरे नाव लावायचे ठरवील तेव्हा त्या नोंदवहीचे पान सोबत असेलच. तोपर्यंत, वाचकहो, या अंकात आम्हीही त्याचे नाव छापलेले नाही.