धाडसाची किंमत कोण मोजतो?

एक गोष्ट सतत सलत राहते. कुणा उद्योगपतीने कर्ज काढून परदेशी कंपनी घेतली, की आपल्याकडे आधी गुलाल उधळला जातो. कर्ज फेडणार कशातून, असे विचारणारा करंटा ठरतो.

पुण्याने हे जवळून पाहिले आहे. सुरतेच्या कापडधंद्यात विजेच्या बिलांनी हैराण झालेल्या तुलसी तंतींनी 1995 मध्ये सुझलॉन काढली, पुण्यात मुख्यालय थाटले, साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या. माणूस द्रष्टा होता. 2006 मध्ये त्यांनी बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन घेतली. पुढच्याच वर्षी पवनचक्क्या बनवणाऱ्या जर्मनीच्या रीपॉवरसाठी आरेवा या फ्रेंच कंपनीशी चढाओढ लागली. आरेवाची पहिली बोली शेअरला 105 युरोंची. सुझलॉन 150 पर्यंत गेली आणि जिंकली.

गोम पुढेच होती. इतर भागधारक असेपर्यंत रीपॉवरची रोकड आणि तंत्रज्ञान सुझलॉनला हवे तसे वापरता येईना. पूर्ण मालकी यायला 2011 उजाडले. खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र कुणासाठी थांबत नाही. दरम्यान 2008 ची मंदी आली, अमेरिकेत सुझलॉनच्या पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेले. 2012 मध्ये परदेशी रोख्यांचे 20 कोटींहून अधिक डॉलर थकले. पाठोपाठ बँकांना सुमारे 9,500 कोटी रुपयांच्या कर्जाची पुनर्रचना करावी लागली. अखेर 2015 मध्ये, जिच्यासाठी कर्ज काढले तीच रीपॉवर कर्ज हलके करण्यासाठी विकावी लागली.

तंती 2022 मध्ये गेले. सुझलॉन आज सावरली आहे, म्हणून शेवट गोड झाला असे म्हणणारे भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. निवृत्तीचे पैसे ऐन तेजीत गुंतवलेल्या माणसाने तो शेअर दोन रुपयांवर आलेला पाहिला. बोली वाढवताना त्याला कुणी विचारले नव्हते. बँकांनी दिलेला पैसाही शेवटी ठेवीदारांचाच होता.

या दिवाळी अंकाचा विषय ‘धाडस’ आहे. लक्ष्मीपूजनाला आपण वही पुजतो, तेव्हा जमेबरोबर नावेची बाजूही पुजली जाते. मोठ्या खरेदीआधी कंपनीने परतफेडीचा हिशेब भागधारकांपुढे ठेवावा, धंदा मंदावला तर काय, हेही त्यात लिहावे आणि त्यांची मंजुरी घेऊनच बोली लावावी, अशी आमची मागणी आहे. असा हिशेब मांडून झेप घेणाऱ्याचे कौतुक आम्ही मनापासून करू. इतरांना मात्र प्रश्न विचारत राहू आणि वाचकांनीही ते विचारावेत.