धुराडे आहे, पण धूर घरातच!

गेल्या आठवड्यात एक मावशी दवाखान्यात आल्या. वय ५२. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागलेली. छातीला नळी लावली, तर आतून शिट्टी वाजावी तसा आवाज. असा आवाज वर्षानुवर्षे विड्या ओढणाऱ्या गड्यांच्या छातीत ऐकू येतो. मावशींनी विडीला कधी हातही लावलेला नाही.

मी जुना केसपेपर काढला. ८ वर्षांत त्या ११ वेळा माझ्याकडे आल्या होत्या. अकराही वेळा मी खोकल्याचे औषध लिहून दिले होते. "स्वयंपाक कशावर करता?" हा साधा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. चूक माझी आहे, म्हणूनच आजचा हा विषय.

"गॅस आहे ना घरी?"

"आहे की. चहाला अन् पाव्हणे आले की. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सिलिंडर सारखा सारखा कुठून आणायचा, डॉक्टर?"

"चुलीला धुराडे आहे का?"

"आहे. पण..."

त्या 'पण'चा अर्थ त्यांच्या घरी गेल्यावर कळला. पावसाचे पाणी नळातून चुलीत उतरते म्हणून मालकांनी दोन वर्षांपूर्वी वरून गोणपाटाचा बोळा कोंबला होता. पावसाळा संपला, बोळा तसाच राहिला. चूल दोन वैलांची, पण मागच्या वैलावर भांडे नाही. धूर तिथून सरळ घरात. स्वयंपाकघराचे आढे डांबरासारखे काळे. आणि चुलीपुढे आता सून बसते. तिला सातवा महिना आहे.

वाचकहो, लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो आणि फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कणही असतात. या धुराने मोठ्यांना कायमचा दम लागतो, लहान मुलांना न्यूमोनिया होतो, गरोदर बाईचे मूल कमी वजनाचे होऊ शकते. मोतीबिंदू, हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले. त्यांत दोन लाखांहून अधिक बालके पाच वर्षांखालची होती.

"मग सर्वांनी गॅस घ्यावा, प्रश्न मिटला," असे काहीजण म्हणतात. गॅस चांगलाच, यात वाद नाही. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तो अनेक घरांत पोहोचलाही. पण सिलिंडर घरात असणे आणि चूल विझणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोवर चूल पेटते आहे, तोवर ती नाहीच असे समजून चालणार नाही.

निर्धूर चुलीचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात देशभर सुरू झाला आणि २००२ च्या सुमारास केंद्राने तो बंद केला. चुली लाखोंनी बसल्या, पण कितीतरी फुटल्या वा पडून राहिल्या. ओडिशात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हेच दिसले. नव्या चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला. पुढे डागडुजी आणि वापर दोन्ही घटले आणि फायदाही गेला. उलट ग्वाटेमालात, जिथे चुलींची नीट देखभाल केली गेली, तिथे बाळांच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया सुमारे एकतृतीयांशाने घटला, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे धुराड्याचा उपयोग आहे, पण ते राखले तरच. आणि तरीही धूर निम्माच गेला, हेही विसरू नये.

माझे मत असे की चूल कोणती घ्यायची हे पैसे देणाऱ्याने नव्हे, तिच्यापुढे बसणाऱ्या बाईने ठरवावे. आमच्याकडे भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी करून शेकतात. चुलीचे तोंड अगदीच अरुंद असेल तर ती शेकता येत नाही. मग बाई तोंड फोडून मोठे करते आणि चूल बिघडते. तिला आधी विचारले असते तर?

चूल घेतल्यावर पुढील गोष्टी पाळाव्यात. नळ शक्य तितका सरळ असावा आणि छपराच्या वर दोन-तीन फूट जावा. त्यावर टोपी बसवावी, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि बोळा कोंबावा लागणार नाही. नळ गवताला किंवा लाकडी वाशाला चिकटू देऊ नये, आगीचा धोका असतो. महिन्यातून एकदा चूल थंड असताना काथ्याचा बोळा दोरीला बांधून आतली काजळी काढावी. नळ जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो घासू, कापू वा फोडू नये, त्याची धूळ घातक असते. पत्र्याचा नवा बसवावा. दोन्ही वैलांवर भांडी असावीत, नाहीतर रिकामा वैल झाकावा. लाकूड वाळलेले, मनगटाएवढे फोडलेले, एका वेळी दोन-तीनच. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी कधीही वापरू नये. समोरासमोर खिडकी-दार उघडे असावे.

बंबाविषयी वेगळे सांगतो. न्हाणीघराचे दार लावून आत बंब किंवा निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखते, गरगरते, उलटी होते आणि माणूस तिथेच कोसळतो. बंब बाहेर पेटवा, पाणी बादलीने आत न्या.

मावशींच्या मालकांनी त्याच दिवशी शिडी लावून बोळा काढला. खाली घमेलेभर काजळी पडली. सूनबाईचा स्वयंपाक बाळंतपण होईपर्यंत तरी गॅसवरच करायचा, असे घरात ठरले. मावशींना मी पंपाचे औषध सुरू केले आहे. त्याने दम कमी होईल. पण गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही, हे मला त्यांना सांगावे लागले.

आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरात उभे राहून एकदा वर पाहा. आढे काळे असेल, तर शिडी लावायला रविवारची वाट पाहू नका.