मामांचा वजनकाटा

दिवाळीच्या अंकात दुखण्याची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे तिथेही दिवाळी येतेच, आणि फराळाच्या ताटावरून डोळ्यांत पाणी येते ते याच दिवसांत. म्हणून या खेपेला आमच्या वरवंडच्या मामांची हकीगत सांगतो.

पुण्याहून सोलापूरकडे निघाले, की चौफुला मागे पडल्यावर आणि पाटस येण्यापूर्वी वरवंड लागते. ऊसवाल्यांचा मुलूख, मामांचे तिथे गुऱ्हाळ. गेल्या वर्षी आषाढात त्यांच्या फुप्फुसात कर्करोग निघाला आणि उपचार सुरू झाले. दसऱ्याला मी गेलो तो मामींनी दारातच गाठले.

"तू डाक्टर ना रं? मग सांग की यांना. दूध आटवलं, शिरा केला, रस्सा केला. दोन घास खाऊन ताट सारत्यात. अशानं अंगात जीव कसा राहायचा?"

मामा मान खाली घालून बसले होते. मामी आत गेल्यावर हळूच म्हणाले, "भाचेबुवा, खावंसंच वाटत नाही. तिला वाटतं मी हट्ट करतो."

मी त्यांना गुऱ्हाळावर नेले आणि ज्या काट्यावर त्यांनी जन्मभर ढेपा तोलल्या त्याच काट्यावर उभे केले. ५६ किलो भरले. चैत्रात गड्यांशी पैज लावून वजन केले तेव्हा ६२ भरले होते. दंड आणि मांड्या तर निम्म्या झालेल्या दिसत होत्या.

संध्याकाळी दोघांना समोर बसवून मी सांगितले, की यात मामांचा हट्ट नाही आणि मामींच्या हाताचा दोषही नाही. माणूस नुसता उपाशी राहिला तर शरीर आधी चरबी वापरते आणि स्नायू होता होईतो राखते. कर्करोगात तसे होत नाही. गाठीतून आणि तिच्याशी झुंजणाऱ्या शरीरातून अशी द्रव्ये रक्तात उतरतात, की त्यांच्या हुकमाने स्नायू वितळू लागतात आणि मेंदूतली भूक मंदावते. यांपैकी एका द्रव्याला १९८५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी 'कॅकेक्टिन' असेच नाव दिले होते. या झिजेला डॉक्टर कॅकेक्सिया म्हणतात. शब्द ग्रीक आहे. अर्थ 'वाईट अवस्था'. २०११ मध्ये जगातल्या तज्ज्ञांनी तिची खूण ठरवली : सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे, मुळातच सडपातळ असलेल्यांत २ टक्क्यांहून अधिक. नुसते अन्न वाढवून ही झीज पूर्ण भरून येत नाही, हेही त्यांनी नमूद केले. मात्र लवकर लक्षात आली तर ती रोखण्यासाठी पुष्कळ करता येते.

आम्ही काय केले ते सांगतो. प्रथम खाण्याच्या आड येणारी कारणे शोधली. मामांच्या तोंडात फोड होते, मळमळ होती, बद्धकोष्ठ होते. त्यांच्यावर औषधे मिळाली तशी निम्मी कटकट संपली. मग मामींना हिशेब दिला. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे मामांना ५६ ते ८४ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.) भरल्या ताटाऐवजी दर दोन तासांनी वाटीभर काही तरी : दाण्याची चटणी घातलेला मऊ भात, दह्यातले थालीपीठ, अंड्याची पोळी. गरम जेवणाच्या वासाने मळमळले तर तेच कोमट करून.

शेजाऱ्यांनी गूळ बंद करायला सांगितले होते. गोडाने म्हणे गाठ वाढते. गुऱ्हाळवाल्याच्या घरात गूळ बंद! मी तो चालू केला. गोड तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, रुग्ण मात्र उपाशी राहतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी.

शिवाय मामांना रोज विहिरीपर्यंत चालवले आणि खुर्चीवरून दहा वेळा उठबस करायला लावली. काम मिळाल्यावाचून स्नायू अन्न धरून ठेवीत नाही.

औषधांतही आशा आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. केमोथेरपीबरोबर ओलान्झापीन हे जुने, स्वस्त औषध रोज अवघे २.५ मिलिग्रॅम, १२ आठवडे दिले. ५ टक्क्यांहून अधिक वजन वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ६० टक्के निघाले. दुसऱ्या गटात ९ टक्के. हे औषध मनाने घ्यायचे नाही, पण आपल्या डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे. मामांच्या डॉक्टरांनी ते दिले.

दिवाळीला काटा ५७ वर आला. चमत्कार नव्हे, पण घसरण थांबली, आणि मामा स्वतःच्या पायांनी गुऱ्हाळावर जाऊ लागले. मामींनी त्या दिवशी ताट भरले नाही. एका बशीत अर्धी करंजी ठेवली, आणि किती खातात ते न पाहता गप्पा मारीत बसल्या. करंजी संपली.

यंदाच्या श्रावणात मामा गेले. शेवटच्या पंधरवड्यात त्यांना घास नकोसा झाला. त्या वेळी शरीराला अन्न पेलत नाही. बळेबळे भरवले तर ठसका लागतो, त्रासच होतो. हे मी आधी सांगून ठेवले होते. मामी ओल्या फडक्याने त्यांचे ओठ भिजवीत, हात धरून बसत. 'माझ्या हातचं जेवले नाहीत म्हणून गेले' असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, त्याचे वजन करा आणि वहीत मांडा. ६० किलोंतले ३ गेले, की वाट न पाहता ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. आणि ताटावरून भांडू नका.